मागच्या जिन्याचे पोलादी दरवाजे आणि पॅनिक बार : वापरानंतरचा अभिप्राय

वडोदऱ्यात दांडिया बाजार आणि रावपुरा यांच्या मधल्या पट्ट्यात आमची तळमजला अधिक दोन मजले अशी जुनी व्यापारी इमारत आहे. खाली दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर करसल्लागार, दंतवैद्य, एक बुटीक आणि शिवणकामाचे मास्तर, तर दुसऱ्या मजल्यावर निम्म्याहून अधिक जागेत दहावी-बारावीचा शिकवणी वर्ग, अशी वस्ती आहे. गाळेधारकांच्या मंडळाचा कारभार माझ्याकडे असल्यामुळे मागच्या जिन्याला आपत्कालीन दरवाजे बसवून घेण्याचे कामही माझ्याकडेच आले. मकरपुरा जीआयडीसीतील, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीतील, एका कारखान्याकडून आम्ही दोन्ही वरच्या मजल्यांवर आगरोधक पोलादी दरवाजे आणि तळमजल्यावर थेट बाहेर पडणारा पॅनिक बारचा, म्हणजे आतून आडवी पट्टी दाबताच उघडणारा, दरवाजा, असे तीन दरवाजे घेतले. कारखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगले जसे लिहिले आहे तशी तक्रारही लिहिली आहे, आणि मला सांगायचे आहे ते अशा वस्तूविषयी आहे, एका दुकानाविषयी नाही.

निकाल आधीच सांगतो. दरवाजे उत्तम आहेत, बसवण्याचे काम थोडी हुज्जत घातल्यावर उत्तम झाले, विक्रीनंतरची सेवा सुमार आहे. मात्र अशा दरवाज्याचा खरा उपयोग त्याच्या पोलादाच्या जाडीवर फारसा अवलंबून नाही. पल्ला उघडल्यावर माणसाला प्रत्यक्ष किती जागा मिळते आणि उंबरठ्यापलीकडे काय पडलेले आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी कोणत्याही दरपत्रकात लिहिलेल्या नसतात.

आधी तिथे काय होते ते सांगणे भाग आहे. वरच्या मजल्यांवर प्लायवूडचे साधे फ्लश दरवाजे होते, ते जिन्याकडे न उघडता आत उघडत आणि त्यांना आतून अल्ड्रॉप होता. तळमजल्यावर जाळीचे सरकते चॅनल गेट होते, त्याला कुलूप असे आणि किल्ली चौकीदाराच्या खिशात असे. चौकीदार चहाला गेला की मागचा जिना अस्तित्वात असूनही नसल्यासारखाच. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये शिकवणी वर्गाची मुले वर अडकली, काहींनी वरून उड्या टाकल्या आणि २२ जीव गेले. त्यानंतर काही दिवस आमच्याकडेही बरीच चर्चा झाली आणि मग ती विरली. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि त्या जागेला अग्निशमन विभागाची एनओसीच नव्हती हे बाहेर आले, तेव्हा मात्र शिकवणी वर्गातील पालकांनीच मागच्या जिन्याची चौकशी सुरू केली. पालकांच्या प्रश्नांपुढे गाळेधारकांचा खर्चाचा मुद्दा टिकला नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

गुजरातेत यासाठी २०१३ चा आग प्रतिबंध व जीवसुरक्षा कायदा आहे आणि बांधकामासाठी २०१७ ची सर्वसाधारण विकास नियंत्रण नियमावली आहे. यांच्या जोडीला नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ या बांधकाम संहितेचा चौथा भाग आगीसंबंधी आहे. तो मूळचा शिफारशीच्या स्वरूपाचा असून राज्याने स्वीकारल्यावरच त्याला बंधनकारक रूप येते, तरीही छोट्या इमारतीच्या माणसाने दरवाजा विकत घेण्याआधी त्यातील निर्गमन द्वारांविषयीची दोन-चार पाने वाचावीत, कारण विक्रेता वाचतोच असे नाही. त्यातील मुख्य अपेक्षा साध्या आहेत. दरवाजा किमान १००० मिलिमीटर रुंद आणि २००० मिलिमीटर उंच असावा, सभागृहासारख्या गर्दीच्या वास्तूंत रुंदी २००० असावी. तो खोलीपासून दूर, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडावा. उघडलेल्या पल्ल्यामुळे जिन्याची किंवा त्याच्या चौथऱ्याची (लँडिंगची) मोकळी वाट ९०० मिलिमीटरपेक्षा कमी होऊ नये. सरकते किंवा वरून खाली येणारे दरवाजे या कामासाठी चालत नाहीत. आणि ज्या बाजूने माणसे येणार त्या बाजूने किल्लीवाचून दरवाजा उघडला पाहिजे. म्हणजे आमचे कुलूपबंद चॅनल गेट यातील किमान दोन अटींत एकाच वेळी नापास होत होते. काचेच्या पेटीत किल्ली टांगून ‘आग लागल्यास काच फोडा’ असे लिहिण्याची पद्धत आजही रावपुऱ्याच्या आसपास दिसते. ती पेटी भिंतीवर शोभते, परंतु किल्लीवाचून उघडण्याची अट तिने पूर्ण होत नाही.

रुंदीचा हिशेब मी मुद्दाम विस्ताराने देतो, कारण विक्रेत्याशी आमचा पहिला वाद इथेच झाला. संहितेप्रमाणे सपाट मार्गावर आणि दरवाज्यांत दर माणशी ६.५ मिलिमीटर आणि जिन्यावर दर माणशी १० मिलिमीटर रुंदी धरतात. म्हणजे १००० मिलिमीटरचा दरवाजा सुमारे दीडशे माणसांना पुरतो. शिकवणी वर्गासाठी दर माणशी ४ चौरस मीटर जागा धरायची असली, तरी प्रत्यक्षात बाकांवर मुले त्याहून कितीतरी दाटीने बसतात, म्हणून मी क्षेत्रफळाने भागाकार न करता सर्वांत मोठ्या तुकडीची हजेरीच धरली. तीसुद्धा दीडशेच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा आमच्यासारख्या लहान इमारतीत गर्दीच्या गणितापेक्षा किमान रुंदीची अटच आधी लागू होते, आणि म्हणूनच ते किमान माप खरोखर मिळते आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

दरपत्रकात लिहिले होते ‘१००० बाय २१००’. कारखान्याचा माणूस टेप घेऊन आला तेव्हा मी विचारले की हे माप कुठून कुठपर्यंतचे आहे, तर उत्तर आले, “चौकटीचे आऊट टू आऊट.” पोलादी चौकटीच्या दोन्ही बाजूंचा पत्रा वजा केला की उरतात साधारण ९०० मिलिमीटर. त्यातून पल्ला ९० अंशांत उघडा राहिला तर त्याची स्वतःची जाडी वाटेत येते आणि वर पॅनिक बार आणखी काही इंच पुढे आलेला असतो. म्हणजे कागदावर मीटरभर असलेल्या दरवाज्यातून प्रत्यक्षात स्ट्रेचर न्यायचे तर हातांची बोटे सोलवटून निघावीत. शेवटी त्यांनी मापे ‘क्लिअर ओपनिंग’ने, म्हणजे प्रत्यक्ष मोकळ्या वाटेच्या हिशेबाने, पुन्हा लिहून दिली, भिंत थोडी तोडावी लागली आणि पल्ला काटकोनाच्याही पुढे जाऊन भिंतीला टेकेल अशा बेताने बिजागऱ्या बसवल्या. हे सर्व त्यांनी अंगावर न घेता आम्हीच आग्रहाने करवून घेतले, याची नोंद या अभिप्रायात व्हायला हवी. पण एकदा मान्य केल्यावर वाढीव मजुरी मागितली नाही, हीही नोंद त्याच न्यायाने करतो.

दुसरा वाद चौथऱ्याचा होता आणि त्यात मात्र श्रेय त्यांचेच. दुसऱ्या मजल्यावरचा जुना दरवाजा आत उघडत असल्यामुळे त्याच्या बाहेर लगेच पहिली पायरी उतरत होती. तोच दरवाजा आता बाहेर उघडायचा म्हटले तर धावत आलेले मूल पल्ला ढकलून थेट पायऱ्यांवर कोसळणार. निर्गमन द्वार थेट पायऱ्यांवर उघडू नये, त्यापुढे निदान दरवाज्याच्या रुंदीइतका चौथरा असावा आणि तो मजल्याच्याच पातळीला असावा, अशी संहितेची अटही आहे. कारखान्याच्या मुलाने, म्हणजे मालकाच्या धाकट्या चिरंजीवांनी, जागा पाहताच सांगितले, “काका, चौकट मीटरभर आत घ्या, वर्गाची तेवढी जागा जाईल पण पाय ठेवायला जागा होईल.” शिकवणीच्या सरांनी एक बाक कमी झाल्याची कुरकूर केली. त्यांची समजूत घालण्याचे काम माझ्या वाट्याला आले, परंतु सल्ला योग्य होता आणि तो न विचारता दिलेला होता.

आता प्रत्यक्ष वस्तू. वरच्या दोन मजल्यांचे पल्ले जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे असून आत उष्णतारोधक भरण आहे, आणि ते दोन तासांच्या, म्हणजे १२० मिनिटांच्या दर्जाचे म्हणून विकले जातात. भारतात आगरोधक दरवाज्यांसाठी आयएस ३६१४ हे मानक आहे आणि रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी नमुना दरवाजा भट्टीला लावून प्रत्यक्ष जाळून पाहिला जातो. खरेदीदाराने तो चाचणी अहवाल मागावा आणि त्यात जाळलेल्या नमुन्याचे माप, बिजागऱ्या, कुलूप आणि काच ही आपल्याला मिळणाऱ्या दरवाज्याशी जुळतात का ते पाहावे. अहवाल अंध, म्हणजे काच नसलेल्या, पल्ल्याचा आणि आपल्याला दिलेला पल्ला काचेच्या खिडकीचा, असे सर्रास होते. आम्हाला पहिल्यांदा तसाच कागद दाखवला गेला, विचारल्यावर दुसरा आला. पल्ल्यातील छोटी खिडकी आगरोधक काचेचीच हवी; साधी टफन्ड काच माणसाच्या धक्क्याला टिकते, भट्टीच्या तापमानाला टिकत नाही.

चौकटीच्या खोबणीत एक राखाडी पट्टी बसवलेली असते, ती पाहुण्यांना दाखवण्यासारखी वस्तू आहे. एरवी ती दोन मिलिमीटरची निरुपद्रवी फीत वाटते, पण उष्णता दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास पोहोचली की ती रव्याच्या सांज्यासारखी फुगते आणि पल्ला व चौकट यांमधली फट बुजवून धूर आणि ज्वाळा अडवते. दिवाळीच्या रंगकामात आमच्या रंगाऱ्याने चौकटीबरोबर ही पट्टीही ऑइलपेंटने रंगवली आणि पल्ल्याच्या कडेवरची दर्जाची धातूची पाटीसुद्धा. पाटी ब्लेडने खरवडून वाचता येईल इतकी साफ केली. पट्टी मात्र दोन ठिकाणी बदलून घेतली. कारखान्याने दरवाजा सोपवताना रंगाऱ्यासाठी एक ओळ लिहून दिली असती तर हे टळले असते. कोटा किंवा ग्रॅनाइट घासणाऱ्यांनीही खालची धुराची सील ओरबाडू नये म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

तळमजल्याचा पॅनिक बार हा या खरेदीचा गाभा आहे. पल्ल्याच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण ९०० ते ११०० मिलिमीटरच्या मध्ये, आडवी पट्टी असते. ती पुढे दाबली की खटका मागे सरतो आणि दरवाजा बाहेर जातो. हात मोकळे नसले तरी चालते, पार्श्वभागाने दाबले तरी चालते, अंधारात चाचपडत आलेल्या माणसाचे शरीर आदळले तरी चालते. या उपकरणाचा इतिहास फार क्लेशकारक आहे. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खेळ संपल्यावर भेटवस्तू मिळणार म्हणून मुले जिन्याने खाली धावली, खाली आत उघडणारा दरवाजा अर्धवट उघडून बोल्ट लावलेला होता, आणि १८३ मुले एकमेकांखाली गुदमरून गेली. त्यानंतर रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी ढकलताच सुटणाऱ्या बोल्टाचे पेटंट १८९२ मध्ये घेतले. गर्दी दाबत असताना मागे येऊन कडी काढायला कोणालाही जागा नसते, एवढे एकच सत्य या वस्तूच्या रचनेत आहे, आणि म्हणूनच युरोपच्या ईएन ११२५ मानकात दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पल्ल्यावर भार नसताना बार ८० न्यूटनपर्यंतच्या, म्हणजे साधारण आठ किलोच्या जोराने सुटला पाहिजे; आणि पल्ल्यावर १००० न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ शंभर किलोचा दाब असतानाही तो २२० न्यूटनच्या आत सुटला पाहिजे. पट्टीची लांबी पल्ल्याच्या रुंदीच्या किमान ६० टक्के असावी, हीही त्यातीलच अट. स्वस्तातले काही बार पाहिले तर हिरव्या रंगाची पट्टी जेमतेम वीतभर असते आणि बाकी नुसते ॲल्युमिनियमचे आवरण असते. ते दिसायला बार आणि वागायला बटण.

आमचा बार पहिल्या कसोटीत आरामात उतरतो. शिवणकामाच्या मास्तरांच्या नातीने, जी अजून प्राथमिक शाळेत आहे, एका हाताने दरवाजा उघडला. मास्तरांनी दोन्ही काखोटीला कपड्यांचे गठ्ठे घेऊन कमरेने उघडला. दुसऱ्या कसोटीसाठी गाळेधारकांपैकी भरभक्कम असे दोघे पल्ल्याला पाठ लावून रेटत उभे राहिले आणि मी बार दाबला. जोर बराच अधिक लागला, पण खटका अडकला नाही. ही काही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, तथापि दरवाजा ताब्यात घेताना एवढे तरी प्रत्येकाने करून पाहावे. विक्रेता रिकाम्या दरवाज्यावरच प्रात्यक्षिक दाखवतो.

बारचे प्रकार निवडताना आम्हाला दोन पर्याय दिले गेले. एकात खटका फक्त कुलपाच्या बाजूला असतो, दुसऱ्यात वर चौकटीत आणि खाली फरशीत जाणारे उभे दांडे असतात. दांड्यांचा प्रकार मजबूत वाटतो म्हणून सर्वांचा कल तिकडे होता. दांडिया बाजारातल्या धुळीत आणि सकाळी बादलीने पाणी ओतून झाडण्याच्या आपल्या पद्धतीत फरशीतले भोक आठवड्याभरात चिखलाने भरते, मग दांडा पुरता खाली जात नाही आणि दरवाजा बंद असल्यासारखा दिसूनही बंद झालेला नसतो. पावसाळ्यात विश्वामित्री नदीचे पाणी चढते तेव्हा सखल भागातील तळमजल्यांची काय दशा होते हे वडोदरेकरांना सांगायला नको. एका पल्ल्याच्या लहान दरवाज्याला बाजूचा एकच खटका पुरतो असे माझे मत झाले आणि तोच घेतला. जोडपल्ल्याचा दरवाजा असणाऱ्यांना मात्र सहसा दांड्यांवाचून गत्यंतर नसते. त्यांनी ते भोक साफ करण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे.

सर्वांत मोठा विरोध चोरीच्या भीतीने झाला, आणि तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. किल्लीवाचून उघडणारा दरवाजा म्हटले की सराफाच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. परंतु ही सोय आतल्या बाजूपुरतीच असते. बाहेरून पल्ला गुळगुळीत आहे, त्याला मूठ नाही, फक्त किल्लीचा सिलिंडर आहे, आणि त्या बाजूने कायम कुलूप लागलेलेच असते. उलट भीती आहे ती दिवसा ग्राहक म्हणून आत येऊन मागून माल घेऊन सटकणाऱ्याची. त्यासाठी बारलाच जोडलेला बॅटरीवरचा भोंगा घेतला; दरवाजा उघडताच तो इतका कर्कश वाजतो की दंतवैद्यांच्या खुर्चीतला रुग्ण दचकून उठतो. भोंगा आल्यापासून सिगारेट ओढायला मागे जाणाऱ्यांची वर्दळ बंद झाली, हा अनपेक्षित लाभ. रात्री साखळी घालू द्या, सकाळी काढू, अशी मागणी तरीही आली. चौकीदार आतच झोपतो आणि सीए मंडळी मार्च महिन्यात रात्री उशिरापर्यंत बसतात, तेव्हा साखळीला मी ठाम नकार दिला आणि ज्या आकड्यात ती अडकवता आली असती तो आकडाच ग्राइंडरने कापून टाकायला लावला.

वरच्या मजल्यांवरचे दरवाजे नेहमी बंद राहिले पाहिजेत, अन्यथा जिना धुराने भरतो आणि आगरोधक पल्ल्याचा खर्च वाया जातो. त्यासाठी वर पल्ला आपोआप लावणारा डोअर क्लोजर आहे आणि त्याला वेगाचे दोन स्क्रू आहेत, एक पल्ला येण्याच्या वेगाचा आणि दुसरा शेवटच्या काही इंचांत खटका बसण्याच्या वेगाचा. कारखान्याने दोन्ही सैल ठेवले होते. पल्ला जड, त्यामुळे तो आदळत असे आणि मुलांची बोटे सापडण्याचा धोका होता. पहिला स्क्रू घट्ट आणि दुसरा थोडा सैल असा मेळ बसायला वेळ गेला. आता पल्ला शांतपणे येतो आणि अखेरीस खट्ट आवाज करून बसतो. तो आवाज आला नाही तर दरवाजा लागलेला नाही, असे मी वर्गाच्या शिपायाला सांगून ठेवले आहे. उन्हाळ्यात पंखा पुरेना म्हणून वर्गातल्या कोणीतरी पल्ल्याखाली वीट सारायला सुरुवात केली. वीट जप्त करून प्रश्न सुटत नाही, दुसरी वीट येते. ज्यांना दरवाजा दिवसभर उघडा हवाच आहे त्यांच्यासाठी आगीच्या अलार्मला जोडलेले चुंबकीय धरण मिळते, ते अलार्म वाजताच किंवा वीज जाताच पल्ला सोडते. आमच्याकडे मध्यवर्ती अलार्म नसल्यामुळे तो खर्च केलेला नाही, आणि म्हणून विटेशी आमचा झगडा चालूच आहे. बारमध्येही खटका मागे अडकवून ठेवण्याची किल्ली काही नमुन्यांत असते. आगरोधक दरवाज्याला तसला नमुना चालत नाही, तो दाखवला तर परत पाठवावा.

बुटीकच्या ताईंनी मागच्या दरवाज्याशेजारी मोठा आरसा लावला होता. निर्गमन मार्गात किंवा दरवाज्यावर आरसा नसावा, कारण धुरात माणूस स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे धावतो, ही अट मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी हसत का होईना, आरसा हलवला. पळणाऱ्या माणसाचे हिरवे चिन्ह आणि बॅटरीवर चालणारा दिवा आम्ही वेगळ्या दुकानातून घेतला, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. गुजराती, मराठी, हिंदी अशा कोणत्या लिपीत पाटी लावायची हा वाद चित्रामुळे आपोआप मिटला.

आता उंबरठ्यापलीकडची गोष्ट. आमचा मागचा दरवाजा एका अरुंद बोळात उघडतो, आणि तो बोळ सर्वांचा असल्यामुळे कोणाचाच नाही. दरवाजे बसवले त्या दिवशी तिथे तीन स्कूटर, एसीची दोन बाहेरची यंत्रे आणि कोणाच्या तरी बांधकामाची उरलेली वाळू होती. पल्ला वीतभर उघडून स्कूटरच्या चाकाला थडकला. कारखान्याच्या लोकांनी फोटो काढला, आमची सही घेतली आणि ते निघून गेले. दरवाजा बसवणे एवढेच आपले काम, ही त्यांची भूमिका करारानुसार चुकीची नाही, परंतु निर्गमन द्वार विकणाऱ्याने पल्ला पूर्ण उघडतो हे बाहेरून उभे राहून पाहिल्याशिवाय काम संपले म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे आम्हीच पल्ल्याच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर पाइपाचे दोन खांब रोवले, मध्ये माणूस सहज जाईल पण स्कूटर जाणार नाही इतके अंतर ठेवून, आणि जमिनीवर पिवळे पट्टे मारले. बाहेरच्या फरशीला असलेला हातभर खड्डा भरून उतार केला. यात मूळ दरवाज्यांच्या तुलनेत नगण्य खर्च झाला. यंत्रे हलवायला दुकानदार राजी होईपर्यंत मात्र बराच काळ गेला.

मागच्या जिन्याची रुंदी नव्या व्यापारी इमारतीला लागते त्यापेक्षा कमीच आहे आणि तिचे काही करता आले नाही. सर्वांत दूरच्या गाळ्यापासून जिन्यापर्यंतचे चालण्याचे अंतर मात्र दुकानांसाठी सांगितलेल्या ३० मीटरच्या आत बसते, सरळ रेषेत नव्हे तर काउंटर आणि बाकांना वळसा घालून मोजले तरीही.

सेवेबद्दलची तक्रार अशी की पावसाळ्यानंतर तळमजल्याच्या बारच्या टोकाची टोपी सैल झाली आणि एका क्लोजरमधून तेल झिरपू लागले. दोन्ही गोष्टी हमीत बसत होत्या. फोन उचलला जाई, माणूस उद्या येतो असे सांगितले जाई, आणि तो उद्या नवरात्र उलटून गेल्यावर उगवला. आल्यावर काम नीट केले, क्लोजर बदलून दिला, पैसे मागितले नाहीत. पण ज्या वस्तूचा प्रसंग कधी येईल हे ठाऊक नसते तिच्या दुरुस्तीला सण आडवे येऊ नयेत. तेवढ्या काळात टोपी मी काळ्या टेपने गुंडाळून ठेवली होती.

किंमत साध्या फ्लश दरवाज्याच्या कित्येक पट आहे आणि वरच्या मजल्यांवर त्या किमतीचे समर्थन करता येते. तळमजल्याच्या बाहेर उघडणाऱ्या दरवाज्याला दोन तासांचा आगरोधक दर्जा आम्हाला हवाच होता असे नाही. तिथे मजबूत साधा पोलादी पल्ला घेऊन वाचलेले पैसे उत्तम बारवर घातले असते तरी चालले असते. ज्यांची इमारत आमच्यासारखी आहे त्यांनी ही विभागणी आपल्या वास्तुविशारदाकडून आणि अग्निशमन विभागाकडून आधी तपासून घ्यावी. वस्तूला पाचपैकी साडेचार, बसवणीला चार आणि नंतरच्या सेवेला दोन गुण मी देतो. वार्षिक देखभालीचा करार नुकताच समोर आला आहे; त्यात बिजागऱ्यांना तेल आणि स्क्रू कसणे एवढेच लिहिले होते. दर भेटीत पल्ला पूर्ण उघडून बाहेरची जागा मोकळी आहे का ते पाहावे आणि पल्ल्यावर दाब देऊन बार तपासावा, अशी दोन कलमे हाताने लिहून मी तो परत पाठवला आहे. सही होऊन आला की पुढील वर्षाची रक्कम देईन.